शिडीची साक्ष

९ ऑक्टोबर, सोमवार
पाळकसाहेबांना नाही म्हणून आले. तोंडावर! विश्वस्त येतील त्या रविवारी शिडीनं (ताडमाड उंच पोरगी, नाव मैत्रिणींनी ठेवलंय) चॅपलमध्ये साक्ष द्यायची म्हणे — भाऊ गेला तरी देवानं कशी शांती दिली. शांती? पोरगी महिनाभर धड जेवलेली नाही. सगळ्या विद्यापीठानं त्या भावासाठी प्रार्थना केली, आणि तो गेला.
पाळकसाहेबांनी मजकूरही तयार ठेवलाय. म्हटलं, मुलांचा विश्वास वाढवायचा तर त्यांच्या तोंडात आपले शब्द कोंबू नका. ते म्हणाले, बाई, तुम्ही रसायनशास्त्र शिकवा. शिकवतेच आहे. घाई केली की स्फटिक बारीक पडतात, एवढं त्यातूनच कळलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
माझ्या खोलीत मुलींची प्रार्थना. खुर्च्या कमी, म्हणून शिडी खिडकीच्या कठड्यावर. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तिचे उघडे. मला कसं दिसलं ते विचारू नये! मी तिला काही म्हणत नाही. येते, बसते, कप विसळून जाते. पुष्कळ झालं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
धाकटीचा फोन. "ताई, तुझं कुणाशी पटलंय का कधी? देवाशी तरी?"
देवाशी पटतं. त्याच्या माणसांशी नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
पाळकसाहेब खोलीवर. कार्यक्रमपत्रिका छापून झालीय म्हणे. म्हटलं, शिडीचं नाव खोडा. आवाज चढला — माझाच. गुरुवारचा गट काढून घ्यावा लागेल, म्हणाले. घ्या! चॅपल तुमचं असेल, मुली तुमच्या मालकीच्या नाहीत. मी जरा जास्तच बोलले. असू दे. शेवटी त्यांनी खोडलं.
शिडीला सांगितलं, तुला बोलावं लागणार नाही, मी निस्तरलंय. नुसती मान हलवली. आभार नाही, काही नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
गायन संपलं आणि शिडी उठली. कुणी बोलावलं नव्हतं! तडक माइकपाशी. हातात कागद नाही.
"माझा भाऊ गेला. माझा देवावर राग आहे. शांती-बिंती काही नाही. पण ज्याच्यावर एवढा राग आहे, तो नाहीच असं म्हणता येत नाही मला." एवढंच बोलून जागेवर जाऊन बसली.
विश्वस्त बुटांकडे बघत होते. पाळकसाहेब उठले, हळूच 'आमेन' म्हणाले. या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.
दारात तिला गाठलं. बोलायचं होतं तर मला सांगायचं नाही का?
"बाई, काय बोलायचं ते पाळकसाहेबांनी ठरवलं. बोलायचंच नाही, हे तुम्ही. मला कुणी विचारलंच नाही."

१६ ऑक्टोबर, सोमवार
आज विचारलं. गुरुवारी पाळकसाहेबही एक गट घेतात, तिला त्यात जायचंय. तुमच्यासमोर रागावता येत नाही, म्हणाली — माझ्याआधी तुम्हीच रागावलेल्या असता.
मी स्वतः जाऊन पाळकसाहेबांना तसं सांगून आले.