परतपाखराची नोंद

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय व्याख्यानं देणं आणि दुसऱ्याच्या पुस्तकांवर पुस्तकं लिहिणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आवाज मात्र नाही. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढलं. पन्नास वर्षं सभागृहं दणाणून सोडली, आता दूधवाल्याशीसुद्धा पाटीवर लिहून बोलतो. तेव्हा हे लांबलं तर सांभाळून घ्यावं. बोलायचं फार साचलं आहे.

१. माझी राहती जागा, दोन खोल्या आणि गॅलरी, मी तळमजल्यावरच्या मुलांच्या वाचनालयाला देतो. तिथे ‘गप्प बसा’ अशी पाटी लावली, तर हे दान रद्द समजावं.

२. बँकेतली शिल्लक माझ्या बाइंडर मित्राला. माझी तिन्ही पुस्तकं त्यानं शिवली आणि अर्धी मजुरी कधी मागितलीच नाही.

३. धाकट्या भावाला लाकडी आरामखुर्ची. तिच्यावर बसून तो दर रविवारी म्हणायचा, “दादा, एवढा शिकलास, आणि पोराटोरांच्या पुस्तकांत आयुष्य घालवलंस?” होय, घालवलं! ज्या सात पुस्तकांतून तीन पिढ्यांची मुलं पाण्याखालच्या राज्यात जाऊन आली, त्यांतली गावं, प्राणी, नकाशे आणि लिहिणाऱ्या बाईंचं चरित्र मी तीन सोबती-ग्रंथांत मांडलं. मुलांचं पुस्तक म्हणजे लहान पुस्तक नव्हे, हे मी गावोगाव ओरडून सांगितलं. खुर्चीत बसून आता तरी एखादं वाच, बाबा.

४. समीक्षक महाशयांना काळी छत्री. ती त्यांचीच आहे. बत्तीस वर्षांपूर्वी एका समारंभातून माझ्याबरोबर घरी आली. त्या समारंभाबद्दल पुढे लिहिणारच आहे.

५. माझ्या एकुलत्या एका मुलीला मी या मृत्युपत्रानं काहीही देत नाही.

हे कलम वाचून बाइंडर उखडला. “अहो, सख्ख्या लेकीला कवडी नाही? लोक काय म्हणतील?” मी पाटीवर लिहिलं, “शेवटपर्यंत वाच.”

६. आता ते साचलेलं. पहिल्या ग्रंथाचं काम चाललं होतं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. मी चिठ्ठ्यांवर नोंदी करायचो, ती अक्षरांप्रमाणे लावायची आणि प्रत्येक चिठ्ठीला प्रश्न विचारायची. बाइंडर तिला शंकासूर म्हणे.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. कोशात एक बनावट नोंद दडवून ठेवायची. कोणी चोरून छापलं तर ती नोंदही उचलतो आणि सापडतो. मी मुलीला म्हटलं, “शंकासूर, पुस्तकात नसलेलं काहीतरी दे बघू.”

ती म्हणाली, “तिसऱ्या भागात ती दोन मुलं हरवतात ना, त्यांना आणायला कोणीच जात नाही. मी पाठवू का कोणाला?”

मूळ पुस्तकं लिहिणाऱ्या बाईंनी ती मुलं मुद्दामच हरवू दिली होती. स्वतःचं मूल गेल्यावर त्यांनी तो भाग लिहिला, हे मी चरित्रात सिद्ध केलं आहे. माझ्याच टेबलाच्या पलीकडे आई गेलेलं एक मूल बसलं होतं, ते मात्र मला दिसलं नाही. मला नोंद मिळाली, मी खूश झालो.

‘परतपाखरू: वाट चुकलेल्या मुलांना घरी आणणारं पाखरू. चोचीत कंदील असतो. भाग तिसरा.’

ग्रंथ गाजला. मुलं परतपाखराची चित्रं काढून पाठवू लागली. दोन वर्षांनी वरील समीक्षकांनी मूळ पुस्तकं चाळून जाहीर विचारलं, “हे पाखरू कुठल्या पानावर आहे?”

दुसऱ्या आवृत्तीच्या समारंभाला सहाशे माणसं होती आणि पहिल्या रांगेत मुलगी. युक्ती कबूल केली असती तर थोडं हसू झालं असतं, बस्स. पण मी सत्यावर गर्जणारा माणूस! म्हणालो, “ती नोंद माझ्या मुलीनं माझ्या नकळत चिठ्ठ्यांत घुसडली. लेकरू आहे, खोटं बोललं. मी नोंद काढून टाकली आहे.”

टाळ्या पडल्या. घरी जाताना तिनं एवढंच विचारलं, “बाबा, तुम्हीच मागितलं होतंत ना?” मी छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिलो.

त्यानंतर तिनं माझ्या चिठ्ठ्यांना हात लावला नाही. अठराव्या वर्षी घर सोडलं. आता ती पूल तपासते. भेग कुठे आहे ते तिला अचूक दिसतं. पुढे एका मुलाचं पत्र आलं होतं: ‘नव्या पुस्तकात परतपाखरू नाही. ते मेलं का?’ त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

७. तिन्ही ग्रंथांचे हक्क वाचनालयाला. पुढच्या आवृत्तीत ती नोंद परत घालावी आणि खाली छापावं: ‘ही नोंद ग्रंथकाराच्या मुलीनं वयाच्या नवव्या वर्षी, ग्रंथकाराच्या मागणीवरून केली. तो सभेत खोटं बोलला.’ मुलीची परवानगी असेल तरच. ती नाही म्हणाली, तर ग्रंथ पुन्हा छापूच नयेत.

८. कलम पाचचं कारण. वकील म्हणाले, “ज्याला काही द्याल त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, दिलेलं रद्द होतं.” मला मुलीची सही हवी आहे. साक्षीदाराला माझ्यासमोर यावं लागतं. तिला यायला लावण्याचा दुसरा मार्ग माझ्याकडे उरला नाही. पाखरू तर माझं नव्हतंच, ते मी काय देणार?

हा कागद बाइंडर तिच्याकडे नेईल. सोमवारी दुपारी चारपर्यंत वाट पाहीन. ती आली नाही, तर डॉक्टर सही करतील. तिला कोणी बोल लावू नये.

स्थळ: राहती जागा, दुसरा मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार:

१. (सही) वकील. माझ्यासमोर सही झाली.

२. (सही) मुलगी. माझ्यासमोर सही झाली. सगळं वाचलं. नोंद छापायला हरकत नाही, पण चूक दुरुस्त करून. कंदील चोचीत नाही, पायात आहे. चोचीत धरला तर पाखरू मुलांशी बोलणार कसं? हे मी पहिल्या आवृत्तीच्या वेळीही सांगितलं होतं, बाबा.