मागच्या अंगणातली तार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सार्वजनिक रेडिओ केंद्राची निवृत्त निवेदिका, केंद्राच्या मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या इंजिनियरची विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, भरपूर आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, हे डॉक्टरांकडून तपासून घेतले आहे. सध्याचा माहितीमंत्री कोण, असे त्यांनी विचारले. मी नाव सांगितले आणि मतही सांगितले. मत त्यांनी कागदावर घेतले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही धाकट्या भावाला दिले होते, ते मी रद्द करते.

१. मला मूलबाळ नाही. जवळचा वारस म्हणजे हा धाकटा भाऊ. गावभर त्याला 'सदस्य' म्हणतात, कारण तो नाही अशी समिती नाही. रेडिओ सरकारच्या मर्जीवर किंवा साबणाच्या जाहिरातींवर चालू नये, त्याला कायद्याने बांधून दिलेला लोकनिधी मिळावा, यासाठी श्रोता समिती आम्ही दोघांनी काढली. दारोदार सह्या मागत चपला झिजवल्या. पुढे सरकारने या निधीचा विचार करायला मंडळ नेमले आणि श्रोत्यांचा प्रतिनिधी म्हणून आम्हीच त्याला पाठवले. निधी बंद करावा, असा अहवाल आला. त्यावर त्याची सही होती! केंद्राला टाळे लागले, मनोरा एका खाजगी रेडिओ वाहिनीने विकत घेतला, आणि थोड्याच दिवसांत सदस्यसाहेब त्या वाहिनीचे संचालक झाले. कुंपणानेच शेत खाल्ले.

जाब विचारला तर म्हणाला, "ताई, जग बदललं. ज्याला बातमी हवी, तो पैसे मोजेल."

२. नदीकाठच्या गल्लीत माझी मैत्रीण राहायची, शिवणकाम करायची. मशीनशेजारी रेडिओ कायम चालू. केंद्र होते तेव्हा पाणी चढू लागले की आम्ही गाणे मध्येच तोडून, गल्लीचे नाव घेऊन सांगायचो, आता निघा. केंद्र बंद झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पाणी चढले. शेजारी तिला हाका मारत होते. ती म्हणाली, "अहो, रेडिओवर सांगतील ना! सांगितलं की निघते." वाहिनीवर तेव्हा गाद्यांच्या सेलची जाहिरात चालू होती. वाहिनीचा स्टुडिओ लांबच्या शहरात. इथे नदी आहे हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हते. दुपारी तिचा देह बाहेर काढला.

सदस्य फुले घेऊन भेटायला आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवले. मला तिची फार आठवण येते.

३. माझे राहते घर, भांडीकुंडी व बँकेतील शिल्लक मी शिंपिणीच्या मुलीला देते. श्रोता समिती आता तीच चालवते. शिल्लक लोकनिधीच्या कायद्यासाठी भांडण्यावर खर्च करावी, पडदे बदलण्यावर नाही. पडदे तिच्या आईने शिवलेले आहेत.

४. मनोऱ्यावर चढून दिवे बदलणारा आमचा 'खार' या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, म्हणून त्याला यात काही देता येत नाही. हे कळल्यावर तो म्हणाला, "मग बाई, साहेबांची हत्यारं आत्ताच द्या की!" दिली. तो विषय संपला.

५. धाकट्या भावाने अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नये. त्याला मी शिंपिणीचा रेडिओ देते. आतला चिखल मुद्दाम काढलेला नाही.

६. आता मागचे अंगण. मनोरा तीन बाजूंच्या तारांनी जमिनीला ताणून बांधलेला आहे. दोन बाजूंच्या तारा केंद्राच्या आवारात आहेत. तिसऱ्या बाजूची तार भिंत ओलांडून माझ्या अंगणात येते आणि काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्की होते. ही जागा ह्यांनी केंद्राला बिनभाड्याने वापरायला दिली होती, केंद्र लोकांच्या पैशावर लोकांसाठी चालेल तोवरच. वाहिनीने मनोरा बघून घेतला, तार कुठे जाते ते बघितले नाही. उशिरा जाग आली, तेव्हा सदस्य कागद घेऊन आला. "एक सही कर ताई. तुझ्यानंतर अंगण माझ्याकडेच येणार ना? मग उगाच हट्ट कशाला?"

मी त्याला चहा पाजला. सही दिली नाही.

ते अंगण, ठोकळ्यासकट, मी श्रोता समितीला देते. ते विकू नये. वाहिनीला तार ठेवायची असेल तर रीतसर भाडे द्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास समितीच्या माणसांनी तयार केलेल्या गावच्या बातम्या जाहिरातीशिवाय लावाव्यात. यावर समितीने घासाघीस केली तरी माझी हरकत नाही. पण पुढच्या अटीवर कितीही पैसे देऊ केले तरी माघार घेऊ नये.

नदीचे पाणी चढू लागले की वाहिनीने चालू कार्यक्रम तोडावा आणि माझ्या भावाच्या स्वतःच्या आवाजात एवढे ऐकवावे: "केंद्र बंद करायच्या अहवालावर माझी सही आहे. शिंपीणबाई रेडिओवर सांगतील म्हणून थांबल्या. तुम्ही थांबू नका. पाणी चढतंय, निघा."

त्याने हे आधीच रेकॉर्ड करून द्यावे आणि तो गेल्यावरही तेच वाजावे. आवाज चांगला आहे त्याचा. वाचायला मीच शिकवले. तो नाही म्हणाला, तर वाहिनीला नोटीस देऊन मनोरा उतरवायला लावावा. तार मात्र कोणी कापू नये, खाली माणसे राहतात.

७. भावाने या मृत्युपत्राला आव्हान दिले तर ते भर कोर्टात मोठ्याने वाचले जाईल. खुशाल वाचू दे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि एक शब्दही सौम्य केला नाही.

सही: निवेदिका

आम्हा दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली.
साक्षीदार १: डॉक्टर (शुद्धीत आहेत. रक्तदाब वाढलेला.)
साक्षीदार २: खार

स्थळ: मागच्या अंगणाकडची खोली
दिनांक: शिंपीण गेली ती तारीख, वर्ष तिसरे