'बसणे'ची रिकामी ओळ

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

काल यांची तेरवी झाली. पाहुणे सकाळच्या बसने गेले. दुपारी भांडी लावली. घासायला चार बाया होत्या, त्यामुळे एकाही डब्यावर त्याचं झाकण नाही. चहाच्या डब्यावर बेसनाचं, बेसनाच्या डब्यावर कुणाच्या तरी तिसऱ्याच घरचं! चहाच्या डब्याचं झाकण शेवटी सापडलं, पण बसेना. काठ चेपला आहे. सकाळचा चहा हेच करायचे. झाकण कसं लावायचे ते मी कधी पाहिलंच नाही. वर ताटली ठेवली.

संध्याकाळी आर्वीहून रूपरावांचा फोन. यांनी जमवलेल्या वऱ्हाडी शब्दांचं पुस्तक त्यांच्या छापखान्यात आहे. "वहिनी, सारं लागलं. एकच शब्द अर्धा आहे, 'बसणे'. अर्थ आहे, वाक्य नाई. सोमवारी संध्याकाळपर्यंत द्या, नाई तं शब्दच काढा लागते."

यांनी लिहिलेला शेवटचा शब्द तो. दवाखान्यात नेलं त्या सकाळी लिहीत होते. तो काढायचा?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

रजिस्टर काढलं. 'बसणे — झाकण, दार, पाचर आपल्या जागी नीट जाऊन घट्ट राहणे.' खाली ओळ रिकामी.

बाकी प्रत्येक शब्दाखाली कुणाच्या तरी तोंडचं वाक्य आहे, पुढे नाव आणि गाव. यांचा नियमच होता — वाक्य मनाने रचायचं नाही. कुणी सहज बोललं तरच घ्यायचं. विचारून घेतलेलंही चालायचं नाही. "विचारलं का माणसाच्या अंगात मास्तर येते," म्हणायचे.

धनंजयभाऊजींना सांगितलं. धाकटा भाऊ यांचा, पण स्वभाव अगदी उलटा. "वहिनी, एक लिहून टाका ना! कोण पाहून राह्यलं?"

खरंच कोणी पाहत नाही. पण नऊशे वाक्यं खरी आणि शेवटचं माझ्या मनचं? तेही यांच्या नावावर? नाही जमणार.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कोकिळा भाजी घेऊन आली. टोपली उतरवून बोलत बसली. "जेवता का नाई बाई? तोंड पाहा कसं सुकून गेलं. एकटीसाठी चूल पेटवाचा कंटाळा करू नका, सांगून ठेवतो." असं छान चाललं होतं. मी मुद्दाम तो डबा पुढे केला. तिने झाकण दाबून पाहिलं, एका बाजूने मूठ मारली, डबा परत दिला. शब्द नाही!

मग मीच चूक केली. म्हटलं, पुस्तकात छापायचं आहे, या झाकणाबद्दल एक वाक्य बोल. ती ताठ उभी राहिली. पदर सारखा केला. "हे झाकण व्यवस्थित बसत नाही आहे, मॅडम."

मॅडम! दहा वर्षं बाई म्हणते मला.

शेजारी दोन घरी विचारलं. तिथेही तेच. आमची सगळी नालवाडी आज शुद्ध बोलते आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

ताटली सरकली होती. चहापत्तीत मुंग्या.

दिवसभर रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. कुठेतरी चुकून 'बसणे' आलं असेल म्हणून. आणि माझं नाव शोधत होते, हेही खरं. दूधवाला आहे. पुलगाव गाडीचा कंडक्टर आहे. धनंजयभाऊजींच्या सासूबाई सात वेळा आहेत! मी एकदाही नाही. एकतीस वर्षं या घरात राहिले, आणि टिपून घ्यावं असं एक वाक्य बोलले नाही?

रजिस्टर आपटलं. एक पान सुटलं. ते परत लावत बसले.

एकदा विचारलं होतं मी. तेव्हा म्हणाले, "तू आधीच बोलतं कमी. अन् बोलली तं आकाशवाणी!" हसले. मीही हसले होते. आज हसू आलं नाही. माहेरी नाचणगावात आईशी मी वऱ्हाडीच बोलायचे, सगळे बोलतात तसं. पोस्टात लागले, काउंटरवर शुद्ध बोलायची सवय झाली, आणि तीच घरी आली. आईशी बोलायचे तसं यांच्याशी कधी बोललेच नाही.

यांनी तरी एकदा म्हणायचं होतं, बोल म्हणून. पण विचारून घेतलेलं चालत नव्हतं ना!

सोमवार, १३ ऑक्टोबर

दहा वाजता रूपरावांचा फोन. "का करू मंग, वहिनी?" काढा म्हटलं. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हात नाई लावत मी."

सोमवार, चार वाजता

चहा ठेवला. पत्ती टाकली. झाकण लावायला गेले — दाबलं, फिरवलं, ओट्यावर आपटलं. आणि ओरडले. रिकाम्या घरात, मोठ्याने. मग गॅस बंद करून रजिस्टर आणलं.

'एवढं दाबून राह्यली मी, काऊन बसून नाई राह्यलं बाप्पा हे!' — ज्योत्स्ना, नाचणगाव.

रूपरावांना फोनवर वाचून दाखवलं. आवाज चढला होता तसाच चढवून.

चहा परत गरम केला. एक कप गाळला. डब्यावर ताटली ठेवली, वर खलबत्त्याचा बत्ता.