सुवर्णा पोकळी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
उद्यमबागच्या फाउंड्रीतून रिटायर होऊन पाच महिने झाले. आजपासून खगोल संशोधन. परदेशातल्या एका दुर्बिणीनं कोट्यवधी ताऱ्यांची नोंद करून इंटरनेटवर ठेवली आहे. फुकट. ठरावीक इंग्रजीत प्रश्न टाइप करायचा, ताऱ्यांची यादी येते. बत्तीस वर्षं लोखंडाची ओतीव कास्टिंग तपासली. तारे तपासायला कितीसा वेळ लागणार? महिन्याभरात शोध.

७ जानेवारी.
सगळेच तारे मागितले. सर्व्हर अर्धा तास विचार करून बंद पडला. त्यांची मशिनरी कमजोर दिसते.

१० जानेवारी.
आता दहादहा मागतो. येतात. नावं नाहीत, नुसते नंबर. शेजारच्या विणकर नागोजीला यादी दाखवली. मागावरून न उठताच म्हणाला, "आण्णा, ह्यातला आपला कंचा?" अज्ञान.

१५ जानेवारी.
काल संक्रांत. तिळगूळ द्यायला कोणी आलं नाही, त्यामुळं दिवसभर सलग काम झालं.

१९ जानेवारी, रविवार.
सुवर्णाच्या जन्मतारखेचे आकडे घालून आकाशाचा एक तुकडा मागितला. एकही तारा नाही. चारदा विचारलं. चारदा शून्य. कास्टिंगमध्ये आत पोकळी राहते, तशी आकाशात राहिलेली. जगात कुणालाच माहीत नसणार. नाव ठरलं, सुवर्णा पोकळी. मार्चमध्ये तिला जाऊन दोन वर्षं होतील.

२१ जानेवारी.
दुर्बिणीवाल्यांच्या हेल्प डेस्कला मेल केला. मग संकेश्वरला ताराआक्काला फोन. "बायकूचं नाव भोकाला देतोस व्हय रं?" म्हणाली. थोरल्या बहिणीला विज्ञान समजावण्यात अर्थ नाही.

२३ जानेवारी.
पुण्याला सौरवला सांगितलं. आईचं नाव ऐकून त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "रविवारी येतो पप्पा. करिष्मालापण आणतो. दाखवा मला." दिवाळीला सुट्टी नव्हती, गणपतीला गाडी नव्हती. शोधाची ताकद ही. मुलगा-सून येणार, गाद्या उन्हात टाकल्या. गल्लीत पोळ्या करून देणाऱ्या जयाबाईंना वीस पुरणपोळ्या सांगितल्या.

२५ जानेवारी, शनिवार.
हेल्प डेस्कचं उत्तर आलं. तो भाग फार दक्षिणेला आहे, आमच्या दुर्बिणीनं तिकडं कधी पाहिलंच नाही, म्हणून शून्य. तारे भरपूर आहेत. तुमच्या गावातून साध्या डोळ्यांनीही दिसतील.

सौरवला सोमवारी सांगायचं ठरवलं. पोळ्या खाऊन झाल्यावर.

दुपारी १२.३०.
फोन करून सांगून टाकलं. तिच्या नावावर खोटं नको. सौरव म्हणाला, "म्हंजे तिथं कायबी न्हाय?" मी म्हणालो, "तसं न्हाय रं. तिथं लई हाय." तो म्हणाला, "मग पुढच्या महिन्यात बघू पप्पा. गाडीचे टायरपण बदलायचे आहेत." मी म्हणालो, बरं झालं, मलाही कामं आहेत.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी २.
जयाबाईंनी पोळ्या पाठवल्या. आक्काचा फोन आला, सौरव पोचला काय? हो म्हणालो, जेवतोय. "दे की त्याच्याकडं." हात धुतोय म्हणालो. आक्कानं त्याला पुन्हा मागितलं नाही. मग म्हणाली, "बरं. तूबी घे की रं जेवून."