राखून ठेवलेली घागर

लातूर, ४ मे २०१६

नागम्माअक्का,

तांब्या निम्मा भरला आणि हात थांबवला. पाणी परत घागरीत ओतलं, तांब्या आप्पांच्या बाजेखाली पालथा घातला आणि लिहायला बसलो. तुला शरणार्थ. इकडं सगळे बरे. शहराला रेल्वेनं पाणी येतं, आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी.

शरणम्मानं सांगितलंच असेल, मी मनाच्या दवाखान्यात जातो. भरती नाही. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते एक. आठ-नऊ जण गोल बसतो, बोलतो, आणि दुपारी ज्या घरात बिघडलो त्याच घरी परत. मॅडम म्हणतात, घरी जमलं तरच ते खरं. नाहीच जमलं तर सोमवारपासून भरती.

आप्पा जाऊन दोन महिने झाले, तरी मला त्यांचं “सिद्धू, पाणी” ऐकू येतं. मी तांब्या भरून बाजेखाली ठेवतो. शरणम्मा म्हणते, “लेकरं घोट घोट पिऊन राहिलेत, अन् तुम्ही कुणाला पाजता?” गटात किल्लारीच्या पारूबाई आहेत. त्या म्हणाल्या, “तुझा बाप बरा, पाण्यावर भागवतो. माझी मेलेली सासू च्या मागती, त्यात साखर लई.” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तांब्या भरला.

आज घरी दोन गोष्टी करायला दिल्यात. तांब्या भरायचा नाही. आणि गटात जे सांगितलं ते तुला सांगायचं. फोन तीनदा लावला. तू “बोल रे” म्हणालीस की मी उन्हाचं बोलायचो.

आप्पा पाणी मागायचे, प्यायचे, विसरायचे, पुन्हा मागायचे. तुला ठाऊक आहे. त्या दिवशी घरात अर्धी घागर होती. ती मी लेकरांसाठी राखली. सकाळपासून प्रत्येक वेळी म्हणालो, “आत्ताच दिलं की, आप्पा.” दिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “दिलास होय?” आणि चूक आपलीच असल्यासारखे हसले. मग मागितलं नाही. दुपारी गेले.

तू उदगीरहून आलीस. त्यांना अंघोळ घालायला घागर उचललीस आणि विचारलंस, पाणी कुठलं? मी म्हणालो, सकाळी टँकर आला होता.

टँकर आला नव्हता, अक्का. तू ते सगळं त्यांच्या डोक्यावर ओतलंस.

मला तुझा भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

सिद्धेश्वर

ता. क. गुरुवार, सकाळ. आवाज आला. तांब्या पालथाच ठेवला. बाजेकडं पाठ करून एक पेला पाणी प्यालो आणि पत्र टाकायला निघालो.