नऊ नंबरची सात अंडी

३ फेब्रुवारी १९७४
कोपऱ्यावरच्या वकिलीणबाईंनी डझनभर पांढरी अंडी परत पाठवली. "इंजेक्शनची नकोत, गावरान द्या." गावरान कोंबडी चार दिवस घालणार, मग खुडूक होऊन पिसं फुगवून बसणार, अंडं बंद! लेगहॉर्न बिचारी रोज घालते, तर तिचं पांढरं म्हणून वाईट. डोकं फिरतं.
असो. उत्तर माझ्या खुराड्यात आहे. लेगहॉर्न कोंबड्यांना तांबडा रोड आयलंड कोंबडा, त्यांच्या तलंगांना, म्हणजे तरण्या पोरींना, परत तांबडाच. चार वर्षं गेली. आज नऊ नंबरच्या तलंगीचं अंडं शाळेच्या रंगपेटीशी ताडून पाहिलं. गेरू, त्यात किंचित पांढरा; हुबेहूब गावरान. आणि घालते लेगहॉर्नसारखी. वहीत 'दोष' या रकान्यात तिच्यापुढे काही नाही. खुडूक होणारी एकही ठेवली नाही मी, सगळ्या बाजारात विकल्या.

७ फेब्रु.
भिंतीपलीकडच्या जैतूनभाभींची गावरान कोंबडी येऊन नऊ नंबरच्या अंडी घालायच्या पाटीत बसली. खुडूक! उठेना, वर हाताला चोची. खुडूक मोडायला हौदात बुडवली, नाकात पीस ओवलं आणि भिंतीवरून पलीकडे दिली.
भाभी : "मास्तर, पोरांना चित्रं शिकवताय न्हवं? मुक्या जिवाचा असला छळ करताय व्हय?"
मीही बोललो. नको ते बोललो.
संध्याकाळी कोंबड्यांना मानमोडीची लस टोचणारा गल्लीत आला होता. टोचलं की काही दिवस अंडी कमी होतात. वहीतली नऊ नंबरच्या रोजच्या अंड्यांची ओळ मोडेल. पुढच्या महिन्यात या म्हटलं.

१७ फेब्रु.
तीन कोंबड्यांच्या माना वाकड्या. हिरवी हगवण. बाकीच्या वेगळ्या केल्या. लसवाला आता म्हणतो, "आजारी पडल्यावर टोचून काय उपेग?" त्याला हाकलला. त्याचं काय चुकलं?

२० फेब्रु.
तांबडा सकाळी गेला. नऊ नंबर दुपारी, माझ्या हातात, मान पाठीवर वळलेली. खुराडं रिकामं.
भाभींच्या सगळ्या धडधाकट. त्यांनी त्या दिवशी टोचून घेतलं होतं.
उरलं काय, तर नऊ नंबरची सात अंडी. सगळी आजाराआधीची, सर्वांत जुनं दहा तारखेचं. दोन दिवसांत उबेला गेली नाहीत तर कढईत घाला.

२१ फेब्रु.
उबवायला खुडूक कोंबडी पाहिजे! मला! अख्खी गल्ली पालथी घातली, कुणाकडे नाही. शेवटी सौ. म्हणाली, "शेजारी बसलीया की एक." तीच. पाण्यात बुडवलेली. माझ्या उपायाला न जुमानता परत बसलेली.
गेलो. टोपलीत अंडी.
"आता पीस कुणाच्या नाकात घालायचं, मास्तर?"
"चुकलं," एवढंच निघालं.
भाभींनी कोंबडी उचलली. खाली त्यांची चार अंडी, चार दिवस उबलेली. शेजारी माझी सात सारली. रिवाजाप्रमाणे अर्धी पिलं कोंबडीवालीची. कबूल. पण त्यांची आधी फुटणार, पिलं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठणार आणि माझी गार पडणार. म्हटलं, तुमची चार काढा, पैसे देतो.
"जीव धराय लागलीत ती. काढायची न्हाईत. तवाचं तवा बघू."
राग आला. कुणाचा ते लिहीत नाही.

३ मार्च
भाभींच्या अंधाऱ्या माजघरात बॅटरीवर अंडी धरली. सहांत शिरा दिसल्या. दहा तारखेचं रिकामं. कोंबडीनं मनगट फोडलं. "बरं केलंस," भाभी तिला म्हणाल्या.

१० मार्च
त्यांची तीन पिलं निघाली, चौथं अंडं वाया. पिलू वाळलं की भाभी उचलून आत चुलीपाशी टोपलीत ठेवत होत्या. कोंबडीला आवाज जाऊ नये म्हणून मधलं दार लावलं. चार दिवस पिलांना आई नाही, माझ्या अंड्यांपायी. आभार मानायला गेलो.
"तुमच्यासाठी न्हाई केलं. तिनं उबवायला घेतलीत, आता ती तिची हाईत."

११ मार्च
कोंबडी दोनदा उठली. दाराला कान लावून उभी. मी वर्गात सगळ्यांना उभं केलं, कशाबद्दल ते आठवत नाही. वहीतल्या एका ओळीसाठी लस नाकारली. एका ओळीसाठी. गाढव!
वहीतला 'दोष' रकाना सगळा खोडला. खोडताना कागद फाटला.

१२ मार्च
शाळेतून थेट भाभींकडे. पाटीत कोंबडी नाही. अंडी कोमट, जेमतेम. कोंबडी दाराशी. आत पिलं ओरडत होती. भाभी म्हणाल्या, "हात लावू नगासा. तिचं तिला ठरवू द्या."
उकिडवा बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती आली, पाटीत चढली. बसेना. अजून दोन दिवस पाहिजेत, फक्त दोन.
"बस की गं बाई," मी म्हणालो. मोठ्यानं. भाभी मागंच होत्या, हसल्या नाहीत.
मी निघालो तेव्हा ती अंड्यांवर उभी होती.