भुरीच्या गळ्यातली हाक

४ नोव्हेंबर
पासलीच्या वरच्या वाडीवर, काकीकडे. आमच्या ऑफिसची माणसं सकाळीच पट्टे बांधून गेली. प्रत्येक शेळीच्या गळ्यात एक, घराशेजारच्या खांबावर पेटी. मोबाईलवर बटण दाबलं की पेटीतून पट्ट्यांना निरोप जातो आणि पट्ट्यातून काकीची हाक येते. तिचीच, मागे रेकॉर्ड केलेली.
शेळ्या वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर. काकी उंबऱ्यात बसून. मी बटण दाबलं. थोड्या वेळाने वर भुरी, कळपातली पुढची शेळी, दिसली, तिच्यामागे बाकीच्या.
"आगं बया. म्या तर तोंड बी उगाडलं न्हाई."
काकीचे गुडघे गेल्यापासून तिचा मुलगा, दत्तादा, शेळ्या विकायच्या मागे आहे. आज तो नुसता बघत राहिला. जाताना म्हणाला, "बघू उनाळ्यापातूर."

६ नोव्हें. भोर
ॲपमधली मराठी वाक्यं मी लिहिते. एम.ए. करून हे. बटण दाबल्यावर आतापर्यंत इंग्रजी यायचं. पट्टे रोहनने केलेत, तो पुण्याच्या ऑफिसात असतो. म्हणाला, "छोटं आणि आपुलकीचं काहीतरी दे."
"हाक पोचली" असं दिलं. त्याला आवडलं.
काकीची हाक अक्षरात लिहायला बसले. जमत नाही. शेवटी एक ओढ आहे, ती स्वर नाही आणि नुसता श्वासही नाही.

१२ नोव्हें.
वाडीवर घरागणिक हाक वेगळी. सासू सुनेला देते. दुसऱ्या घरची हाक कुणी तोंडातून काढत नाही, थट्टेतसुद्धा नाही. दत्तादाच्या बायकोने अजून घेतलेली नाही. ती सारोळ्याची, हायवेकाठी वाढलेली. "मला लाज वाटती बाई डोंगराकडं बघून वरडायची." पट्ट्यांमुळे ती सुटली.
काकी माझ्याकडे बघते.

१९ नोव्हें.
काकीची हाक वाडीभर रिंगटोन झाली आहे. दत्तादाने एकाला पाठवली, तिथून सगळीकडे. शेजारच्या तान्हूबाई सांगत होत्या, "जावई फोन करतो आन् हीच वरडती बघ माज्यावर." काकी हसून बेजार.
मी विचारलं, दुसऱ्या घरची हाक चालते का अशी?
"फोनला कुठं तोंड आसतं?"
पटलं. किंवा पटलं नाही, पण हसले.
रोहनला गंमत म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे सगळ्यांकडे आहे?" मग "बघतो" म्हणाला. काय बघतो, कळलं नाही.

२३ नोव्हें.
दत्तादाचा फोन. भुरी नाहीशी झाली.
दुपारी खाली रस्त्याच्या वळणावर कुणाचा तरी मोबाईल काकीच्या आवाजात वाजला. शेळ्या सड्यावरून थेट रस्त्याला. तान्हूबाईंनी मागच्या वळवल्या. भुरी नेहमीसारखी पुढे होती. टेम्पो उभा होता, त्यात घालून नेली म्हणतात. कुणी म्हणतं टेम्पो नव्हताच, ती डोंगराकडे पळाली.
बोलावलं कुणी? ज्याचा फोन वाजला त्याने नाही. ज्याने फोन केला त्याने तर नाहीच. मग उरते काकी, आणि ती घरात भात पाखडत होती.
दत्तादा: "आता इकतो. बास झालं."

२५ नोव्हें.
रोहन म्हणतो, हाक म्हणजे पासवर्ड समज. फुटला की बदलायचा. नवी रेकॉर्ड करून घे.
ती काकीला सासूकडून आलेली आहे, म्हटलं.
"बरं, मग तीच जरा वरच्या पट्टीत करू."
नंतर धंद्याचं बोलला. पट्टे विकून काही सुटत नाही. हाका जमतायत, इकडच्या, हिर्डोशीकडच्या. तो खरा माल. कोण घेणार? "घेईल कुणीतरी. कशासाठी, ते अजून कुणालाच माहीत नाही." त्याला याचा आनंद होता.
आत्ता त्या कोण वाजवू शकतं?
"आत्ता? ऑफिसातलं कुणीही. कुलूप लावायचंय. यादीत आहे."
रस्त्यावरचा फोन धोक्याचा, आणि हे? दोन्हींत फरक असणार. सापडत नाही.

२८ नोव्हें. वाडी
सगळ्यांनी रिंगटोन काढलाय. तान्हूबाई ओशाळलेल्या, समोर येत नाहीत. पट्टे काढून खुंटीला अडकवले. काकीने अंगणातून हाक दिली, तोंडाने. शेळ्या थांबल्या. एकमेकींच्या मानेकडे बघू लागल्या. मग आल्या, पण जिच्या-तिच्या वाटेने. पुढे कुणीच नव्हती.
सून दारात उभी राहून ऐकत होती. तिचे ओठ हलले असं वाटलं. खात्री नाही.

३० नोव्हें.
काकी संध्याकाळी भुरीसाठी बटण दाबते; तिचा पट्टा अजून तिच्या गळ्यात आहे. दाबलं की खुंटीवरचे सगळे पट्टे तिच्या आवाजात ओरडतात. शेळ्या भिंतीकडे बघतात. मोबाईलवर येतं, हाक पोचली.
पोचली म्हणजे खांबावरच्या पेटीत. रोहनने परवा सांगितलं. पुढे कुणी ऐकली का, ते पेटीला कळत नाही. भुरी डोंगराआड गेली असेल तर तिथवर काही जातही नाही. वाक्य बदलू म्हणाला, सवडीने.
व्यापारी परवा येणार. दत्तादाने बोलावलंय. काकीचं एकच. भुरी हाक ऐकतीय, ती येईस्तवर कुणाला हात लावू देणार न्हाई. खरं सांगितलं तर शेळ्या विकल्या जातील. नाही सांगितलं तर ती अशीच बटण दाबत बसेल. मी काय सांगते म्हणून दत्तादा आज माझ्याकडे बघतच होता.
"पोचली म्हणतंय. मंग ऐकली आसंल न्हवं?"
मी खुंटीवरचा एक पट्टा सरळ केला.
"सांग की. तूच लिवलंयस ना त्ये?"
मोबाईल हातात घेतला. परत वाचलं, मोठ्याने: हाक पोचली.